दोन चुलींचा नकाशा

वहिनी,

काल तुझं तेरावं झालं. अंगणातल्या चटया गुंडाळल्या गेल्या, भाऊबंद आपापल्या गाड्या जुंपून निघाले, आणि जाताना जो तो माझ्या पाठीवर हात ठेवून तेच बोलत होता. "दीर ऱ्हावा तं असा. मायसारखी सांभाळी तिले." मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं, दुःखाने मान खाली गेली आहे. दुःख होतंच. पण मान त्याने खाली गेली नव्हती.

आपल्या समाजाच्या मासिकासाठी तुझ्याबद्दल चार ओळी लिहून द्याव्यात, असा निरोप आला आहे. तुझं माहेर कोणतं, सासर कोणतं, किती वर्षं वैधव्य काढलंस, स्वभाव कसा. तसं लिहिणं मला अवघड नाही. तलाठ्याचा सगळा जन्म नोंदी करण्यातच जातो. पण ज्या लोकांना मी नऊ वर्षं खोटं सांगितलं, तेच लोक ते मासिक वाचतात. म्हणून हे तुला लिहितो आणि त्यांना वाचायला देतो. तुला आधी सांगायला हवं होतं. तेवढा वेळ तू मला दिला होतास.

परवा माझ्या बायकोने, शेवंताने, तुझ्या खोलीतली उतरंड उतरवली. वरच्या मडक्यात मीठ, मग चिंच, मग उडदाची डाळ. सगळ्यांत खालच्या मडक्यात फडक्यात गुंडाळलेला एक कागद निघाला. घड्यांवर फाटायला आलेला. तिने तो माझ्यापुढे धरला. "हाऊ तं तुमना कागद. वैनीनी कसाले ठेवेल व्हई?"

मी उलगडला. आपल्या घराचा नकाशा. निळ्या शाईने जुनं घर, लाल शाईने नवं बांधकाम. मागच्या बाजूला दोन चुली, आणि त्यांच्या मधून गेलेली लाल भिंत.

तुला वाचता येत नव्हतं. पण हा कागद तू वाचला होतास, आणि चुकीचा वाचला होतास. आज मला त्याच चुकीबद्दल लिहायचं आहे. तुझी चूक नव्हेच ती.

*

सुरुवात किती चांगली झाली होती, आठवतं? त्या वर्षी कापूस बरा आला होता, पोरं मोठी होत होती, आणि आपलं सपाट मातीच्या छताचं, धाब्याचं घर सगळ्यांना पुरत नव्हतं. पुढे ओटा, मग ओसरी, मग मधघर, आणि शेवटी ते अंधारं स्वयंपाकघर, ज्यात तू चौदाव्या वर्षी नवरी होऊन शिरलीस. मी तेव्हा सहा वर्षांचा. आई गेलेली. तू भाकरी थापायचीस आणि मी तुझ्या शेजारी बसून कोळशाने जमिनीवर अक्षरं काढायचो. सारवताना तू विचारायचीस, "वाची झाये का रे?" मी हो म्हटलं की मगच तुझा शेणाचा हात त्या अक्षरांवरून फिरायचा. पुढे दादा तापाच्या साथीत गेला, तू सव्वीस वर्षांची, मूल नाही, माहेरचे लोक तुला न्यायला होडी घेऊन तापीच्या काठाला थांबलेले. तू गेली नाहीस. "बापूनी शाळा बाकी शे," एवढंच म्हणालीस. बापू म्हणजे मी.

तर त्या वर्षी मी म्हटलं, मागे दोन खण वाढवू. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आपल्याकडे घर खणांतच मोजतात. स्वयंपाकघर मागे न्यायचं, त्याला चांगल्या दोन खिडक्या द्यायच्या, धूर जायला धाब्यात मोठा झरोका ठेवायचा. अक्कलकुव्याकडून छतासाठी सागाचे सरे, म्हणजे तुळया, सांगून ठेवले. मी ओट्यावर फळी घेऊन नकाशा काढायला बसलो. तू पाण्याचा हंडा घेऊन आत जाता जाता थांबलीस.

"हाई काय काढी ऱ्हायना रे?"

"नवं स्वयंपाकघर."

"कागदवर भाकर भाजाई जास का?"

"आधी कागदावर, मग जमिनीवर. असंच करतात, वहिनी."

"कचेरीना मानूस तू. दारले बी अर्ज करीसन उघाडशी."

आणि मग तू तुझा नकाशा काढलास. खळ्यावरून पऱ्हाट्या, त्या कापसाच्या वाळल्या काड्या, कवळाभर आणल्यास आणि मागच्या परसात त्या मांडून आख्खं स्वयंपाकघर उभं केलंस. उभं कसलं, आडवंच. काडीला काडी लावून भिंती, मोकळी जागा म्हणजे दार, वीट ठेवली ती चूल. मग आत जाऊन बसलीस. रिकाम्या काठवटीत हात फिरवून भाकरी थापलीस, उलटलीस, हात लांब करून पाहिलास.

"आठे चूल. आठे मी. आते देख, घडवंचीले हात पुरस का? नही पुरत. मंग घडवंची इकडे सरकाव." आणि उठून हंडे ठेवायच्या घडवंचीची काडी वीतभर सरकवलीस. पुन्हा बसलीस. "शेवंता, वं, ये ना. तू इकडे बठ. तू लाटशी तं तुन्हा कोपर भितडाले लागाले नको."

शेवंता लाजत येऊन काड्यांच्या स्वयंपाकघरात बसली. दोघी शेजारी शेजारी बसून हवेत पोळ्या लाटत होतात. कुंपणावरून शेजारीण ओरडली, "माय वो, जेवाले काय शे मंग?" तू म्हणालीस, "वारा शे. ये, वाढस तुले."

तो सगळा दिवस मला तुझ्या हसण्यामुळे लक्षात आहे. त्या काड्यांत दोघींना पुरेल एवढी जागा होती, एक चूल होती, आणि तू ती वीत वीत मोजून, शेवंताच्या कोपरासकट मोजून आखली होतीस. हे मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

*

मी तुझ्या काड्यांवरूनच कागद पुरा केला. घडवंची तुझी, खिडक्या तुझ्या, दाराची जागा तुझी. त्यात एक गोष्ट मी माझ्या डोक्याने वाढवली. आंघोळीचं पाणी आपण परसात तीन दगडांवर तापवत होतो. पावसाळ्यात लाकडं भिजायची. मी कोपऱ्यातला एक खण वेगळा काढला. तिथे पाणी तापवायची चूल, शेजारी मोरी, बाहेर जायला वेगळं दार. स्वयंपाकात ओल नको, धूर नको, म्हणून मधे भिंत. मला ती युक्ती फार आवडली होती. धुळ्याला एका मोठ्या घरात मी तसं पाहिलं होतं.

संध्याकाळी तू कागदावर वाकलीस. बोट फिरवत गेलीस. बोट एका ठिकाणी थांबलं.

"बापू, दोन चुली शेतस का रे?"

मी लाल शाईची दौत बंद करत होतो. वर न बघता म्हणालो, "हा. दोन. दोन पायजेच."

"आन हाई लाल?"

"भिंत. मधे भिंत नको का?"

तू बोट कागदावरून उचललंस. मग म्हणालीस, "बरं शे." आणि आत गेलीस.

वहिनी, मी तलाठी. गावात माझ्या हातचा नकाशा कोणी कधी पाहिला, तर तो वाटणीचाच. भाऊ भाऊ वेगळे झाले की मी मोजणीची साखळी टाकतो, कागदावर लाल रेघ ओढतो, आणि मग ते लोक आपापल्या घरी जाऊन दुसरी चूल मांडतात. त्याच ओट्यावर बसून मी असे किती नकाशे केले, आणि तू मला दर वेळी ताक आणून दिलंस. लाल रेघ, मधे भिंत, दोन दारं, दोन चुली. त्याचा दुसरा काय अर्थ होतो, हे तुला कोणी शिकवलं होतं? आपल्या बोलण्यात चूल वेगळी झाली म्हणजे माणूस वेगळा झाला. मी हे सगळं जाणत होतो, आणि दौतीचं बूच लावताना मला त्यातलं एकही सुचलं नाही.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीची मला लाज नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेलो. तू पाण्याला गेली होतीस. पऱ्हाट्या जागच्या जागी होत्या, पण मांडणी बदललेली होती. मोठं स्वयंपाकघर तसंच, दोन खिडक्यांसह. घडवंची तिथेच. पण तुझी बसायची जागा मिटवली होतीस. आणि कोपऱ्यात, माझ्या कागदावर होता तेवढाच एक खण वेगळा मांडला होतास. मधे काड्यांची सरळ भिंत. आत एक वीट. विटेजवळ तुझा बसायचा पाट.

मी ते बघत उभा राहिलो आणि काय झालंय ते मला समजलं. सगळं समजलं. माझ्या पाण्याच्या चुलीजवळ तू तुझा पाट ठेवला होतास.

एक वाक्य पुरलं असतं. 'वेडी आहेस का, ती पाण्याची चूल आहे.' तू हसली असतीस. मला शिव्या दिल्या असत्यास. शेजारणीला कुंपणावरून सांगितलं असतंस, आमचा तलाठी माझी वाटणी करत होता म्हणून. वर्षभर ती गोष्ट गावाला पुरली असती.

मी ते वाक्य बोललो नाही. का, ते आज लिहितो. दोन महिने शेवंता माझ्यापाशी रडत होती. "या घरमा मन्हा हातनं मीठ बी नही पडत," म्हणायची. मीठ तू तुझ्याच हाताने टाकायचीस, हे खरं. तिने भाजी चढवली तरी मिठाला तू यायचीस. लहान गोष्ट होती. तिला मिठाचा हात हवा होता, एवढंच. मला ते तुला सांगायचं होतं, आणि धीर होत नव्हता. ज्या बाईने मला वाढवलं तिला 'तुझा हात जरा मागे घे' कसं म्हणू? दोघींच्या मधे उभं राहायची मला भीती वाटत होती. आणि आता तू आपणहून उठून भिंतीपलीकडे जाऊन बसली होतीस. मला काहीच बोलावं लागणार नव्हतं.

शेळीने काड्यांच्या भिंतीतली एक काडी तिरकी केली होती. मी वाकलो आणि ती सरळ करून ठेवली.

या हाताने केलेलं एवढं एकच काम मला परत घ्यायचं आहे, वहिनी. आजवर ओढलेल्या सगळ्या लाल रेघांपेक्षा ती काडी जड झाली आहे.

मग एका खोट्यावर दुसरं आलं. शेवंताने विचारलं, "वैनी येगळी का व्हई ऱ्हायनी?" मी म्हणालो, "तिचीच इच्छा. म्हातारपणी आपलं आपण करून खावं म्हणते." तू तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होतीस. गावात कोणी विचारलं तर तेच सांगितलं. "वहिनीनेच मागितली चूल." लोक म्हणाले, तिने मागितली आणि दिराने लगेच पक्की खोली बांधून दिली, बघा. तिथून माझी कीर्ती सुरू झाली.

*

बांधकाम चालू असताना एक दिवस रघो मिस्तरी माझ्याकडे आला. हातात ओळंबा, डोक्यावर चुन्याची धूळ.

"भाऊसाहेब, वैनी पुसी ऱ्हायन्यात, चूलजोडे मोरी कसाले?"

चुलीजवळची ती मोरी आंघोळीच्या पाण्यासाठी होती. मी नुसतं म्हणालो, "असू दे."

संध्याकाळी तू आलीस. तुझे डोळे भरले होते. "मन्ही कंबर दुखस, माले घडी घडी उठनं पडाले नको, म्हनीसन तू जोडे मोरी दिधी ना रे बापू? रघोले नही समजनं. माले समजनं."

मी हो म्हणालो.

वहिनी, तू मला कडेवर घेतलंस, माझं नाक पुसलंस, स्वतः अर्धी भाकरी खाऊन माझ्या शाळेच्या फडक्यात दोन बांधल्यास. त्याबद्दल मी कधी तुझे आभार मानले नाहीत. कोणी मानतही नाही. पण तू माझे आभार मानलेस, एका मोरीबद्दल, जी तुझ्यासाठी नव्हतीच. आणि मी ते घेतले.

*

नऊ वर्षं. मोठ्या खिडक्यांच्या स्वयंपाकघरात शेवंता, आणि भिंतीपलीकडे एका खणात तू. त्या खणाला खिडकी नव्हती. पाणी तापवायला खिडकी कशाला लागते? झरोका होता, हातभर. पावसात तो पत्र्याने झाकला की सगळा धूर तुझ्या डोळ्यांत. एकदा मी म्हणालो, खिडकी पाडू. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. येक भाकरले कितीक धूर व्हस?" मी तो विषय तिथेच ठेवला. भिंतीला हात लावायची मला भीती होती. मिस्तरी आला असता, त्याने पुन्हा विचारलं असतं, ही खोली मुळात कशासाठी.

तुम्हा दोघींचं मात्र छान चाललं. लोक अजून उदाहरण देतात. भांडण नाही, अबोला नाही. सणाला तुझी पुरणपोळी भिंतीच्या या बाजूला यायची, शेवंताची कढी त्या बाजूला जायची. मी स्वतःला सांगायचो, बघ, चांगलंच झालं. पण तू कढी चाखून म्हणायचीस, "मीठ बरोबर शे वं," आणि शेवंताचं तोंड उतरायचं. मला वाटायचं, ती जुन्या गोष्टीवरून रागावते. परवा कळलं की तसं नव्हतं. ते पुढे लिहितो.

आणि पाणी. बांधकामात परसातले तीन दगड उखडले गेले होते. पहिल्याच आठवड्यात शेवंता म्हणाली, आंघोळीचं पाणी आता कुठे तापवू? तू म्हणालीस, "मन्ही चूल तं रिकामीच ऱ्हास. मी तापाडस."

त्या दिवसापासून रोज सकाळी तुझ्या चुलीवर मोठा हंडा चढला. आधी माझं पाणी, मग पोरांचं, मग शेवंताचं. उरलेल्या निखाऱ्यावर तुझी एक भाकरी. म्हणजे मी कागदावर जी चूल पाण्यासाठी काढली, तिच्यावर नऊ वर्षं पाणीच तापलं. फक्त तिच्या शेजारी तू होतीस, जिला मी तिथे काढलं नव्हतं. तुझ्या मते तू वेगळी झालेली बाई होतीस आणि आम्हाला पाणी देत होतीस, आपल्या मायेने. मी रोज ते अंगावर घेत होतो. थंडीच्या दिवसांत तू ओरडायचीस, "बापू, पानी निवी ऱ्हायनं!" आणि मी कपडे काढत यायचो, पंचेचाळीस वर्षांचा सरकारी माणूस.

*

सारंगखेड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात तू आजारी पडलीस. डोळे पिवळे झाले, अन्न जाईना. तिसऱ्या आठवड्यात वैद्याने मान हलवली. एका दुपारी शेवंता शेताकडे गेली होती, घरात आपण दोघंच. मी मनाशी ठरवून तुझ्या खाटेजवळ बसलो. आज सांगायचं.

तूच आधी बोललीस. "पानी कोन तापाडस आते?"

"शेवंता."

"लाकडं उभी नको घालू म्हना तिले. आडवी घाला."

"वहिनी," मी म्हणालो, "ती चूल..."

"हा. बुजाडी टाक. धूर व्हई ऱ्हायना."

चूल विझलेलीच होती. धूर कुठेच नव्हता. मी उठलो, चुलीपाशी जाऊन राख हलवल्यासारखं केलं आणि परत आलो. तू डोळे मिटले होतेस. मी अजूनही सांगू शकलो असतो. तुला ऐकू येत होतं, बाहेर गाडी वाजली तेव्हा तू म्हणालीस, "शेवंता उनी." मी म्हणालो, "विझवली, वहिनी."

तू म्हणालीस, "बरं शे."

दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

*

दहाव्याला तापीच्या काठावर भाऊबंद जमले होते. पिंडाचा भात शिजवायची वेळ आली तेव्हा आपल्या भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "विस्तव कोनता आना? चूल येक व्हती का दोन?"

विचारायला कारण होतं. तुझी चूल वेगळी असेल तर विस्तव तुझ्या चुलीचा लागणार. सगळ्यांना उत्तर माहीत होतं. आबांनी रीत म्हणून विचारलं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "एक."

आबा म्हणाले, "येक कशी रे? नऊ वरीस आम्ही दोन देखी ऱ्हायनूत."

"एकच होती," मी म्हणालो. मला पुढचं सांगायचं होतं. दुसरी पाण्याची होती, हे सांगायचं होतं. पण मी रडायला लागलो, आणि आबांनी मला धरलं. मागे कोणीतरी म्हणालं, "वाटणी व्हयनी तरी तो मानतच नही. देखा माया!" पाच-सात जणांनी डोळे पुसले.

म्हणजे खरं बोललो तेसुद्धा माझ्या कीर्तीतच जमा झालं.

*

परवा तो कागद निघाला तेव्हा मी शेवंताला सगळं सांगितलं. तिथेच, तुझ्या खोलीत, उतरंडीच्या मडक्यांमधे उभा राहून. मला वाटलं होतं ती रडेल. ती मडक्यांमधे खाली बसली. तिने कागदावरच्या त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"माले वाटनं, मन्हा हातनं नको म्हनीसन वैनी येगळी व्हयनी," ती म्हणाली. "कढी धाडू तवय म्हने, मीठ बरोबर शे. माले वाटे, टोमना मारी ऱ्हायनी."

"टोमणा नव्हता तो."

"ते आते माले समजनं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "मंग मी नऊ वरीस कोनावर रुसनू?"

वहिनी, तुला वाटत होतं शेवंताला तू नकोशी झालीस. शेवंताला वाटत होतं तिचा हात तुला चालत नाही. दोघी नऊ वर्षं एकमेकींना मनातल्या मनात माफ करत राहिलात, आणि दोघींनी काहीच केलं नव्हतं. भिंतीच्या एका बाजूने पुरणपोळी जात होती, दुसऱ्या बाजूने कढी येत होती, आणि मी मधे बसून दोन्ही खात होतो.

शेवंता उठली. कागदाची घडी घातली, फडक्यात गुंडाळला आणि पुन्हा खालच्या मडक्यात ठेवला. वर डाळ, चिंच, मीठ. उतरंड होती तशी लावली. "ऱ्हाऊ द्या आठेच," म्हणाली. परवापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ते बरोबरच आहे.

तू तो कागद का ठेवलास, ते मला कळत नाही. तुला घराबाहेर काढणारा कागद, तुझ्या समजुतीने. तो जाळला नाहीस, चुलीपासून हातभर अंतरावर नऊ वर्षं. कदाचित बापूच्या हातचा म्हणून. कोळशाने काढलेली अक्षरं तू माझं वाचून झाल्याशिवाय पुसत नसायचीस. हे मी वाचून पूर्ण करायची तू वाट बघत होतीस का? असं मानायला मला आवडेल, पण तो हक्क मला नाही. तुला काही माहीत नव्हतं, असंच मी धरतो. तुला माहीत असतं तर माझं ओझं हलकं झालं असतं, आणि ते हलकं व्हावं असं मला वाटत नाही.

*

आज सकाळी पोरं तांब्या घेऊन परसात उभी राहिली. पाहुण्यांच्या गर्दीत तेरा दिवस कोण पाणी तापवत होतं, कोणाला ठाऊक नाही. आज कोणीच नव्हतं. शेवंता स्वयंपाकात होती, ती उठली नाही. मी तुझ्या खोलीत गेलो.

तुझा पाट भिंतीला टेकवलेला होता. मी तो घेतला नाही, खालीच बसलो. लाकडं उभी घातली, आग धरेना. मग तुझं आठवलं आणि आडवी घातली. धूर आला. झरोक्यातून जाण्याइतका तो शहाणा नव्हता, सगळा माझ्याच डोळ्यांत. त्या खणातून काय दिसतं ते मी नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. समोर भिंत दिसते. एवढंच दिसतं. आणि भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज नीट ऐकू येतो, प्रत्येक भाकरीचा.

भिंत पाडायला रघो मिस्तरीला बोलवावं असं मनात आलं होतं. पण आता ती पाडून कोणाची सोय होणार आहे? ती राहील. रोज पाणी मीच तापवीन, तिच्याकडे तोंड करून.

हंडा तापला. मी पोरांना हाक मारली, ती आली, मोरीजवळच्या दगडावर बसली. पाणी मोरीतून सरळ बाहेर गेलं, कुठेही न तुंबता. मिस्तरीने उतार चांगला दिला होता. लाकडं विझवली. त्या चुलीवर आज भाकरी झाली नाही. नुसतं पाणी तापलं, आणि शेजारी कोणी बसलेलं नव्हतं. वहिनी, आज ती खोली पहिल्यांदा माझ्या नकाशात काढली होती तशी झाली.